यंत्राला हात दिसतो, भाषा दिसते का?



दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “कुठं दुखतंय?” कर्णबधिर बाई हातांनी सांगते. डॉक्टरांना ते कळत नाही. मग सोबत आलेल्या लेकराला आईचे दुखणे परक्या माणसाला सांगावे लागते. हे काम यंत्र करील काय?

चीनमध्ये तसा प्रयत्न झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१० साली ‘किनेक्ट’ नावाचे उपकरण बाजारात आणले होते. टीव्हीसमोर उभे राहून हातपाय हलवायचे आणि पडद्यावरचा खेळ खेळायचा, हा त्याचा मूळ उपयोग. हे उपकरण डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके समोरच्या माणसावर टाकते. ठिपके कसे सरकले यावरून अंतर मोजते आणि खांदा, कोपर, मनगट अशा २० सांध्यांचा माग ठेवते. त्याच्याच मदतीने बीजिंगच्या संशोधकांनी चिनी सांकेतिक भाषा ओळखणारे यंत्र तयार केले. हात हवेत कसा फिरला, ते आधी साठवलेल्या खुणांशी ताडून पाहायचे आणि जुळेल तो शब्द पडद्यावर उमटवायचा, अशी त्याची रीत. २०१३ मध्ये हे काम जगासमोर आले.

काम मोठे, यात शंका नाही. पण त्याच्या मर्यादाही समजून घेऊ. किनेक्टला हात दिसे, बोटे मात्र नीट दिसत नसत. शिवाय ही भाषा केवळ हातांची नाही. अमेरिकन सांकेतिक भाषेत हात तसेच ठेवून भुवया उंचावल्या, की साध्या विधानाचा प्रश्न होतो. ही भाषा जगभर एकच असते, हाही गैरसमजच. इंग्रजी अक्षरे अमेरिकेत एका हाताने दाखवतात, भारतात दोन हातांनी.

२०१६ साली अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांना खुणा ओळखणाऱ्या हातमोज्यांबद्दल १०,००० डॉलरचे बक्षीस मिळाले. कर्णबधिरांमधून मात्र टीका झाली. मोजे घालण्याचे ओझे आमच्यावरच का? ऐकणाऱ्यांनी काहीच शिकायचे नाही का?

प्रश्न रास्त आहे. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले. आता साध्या मोबाईलचा कॅमेराही बोटांचे सांधे टिपतो. यंत्रे आणखी सुधारतील, सुधारावीतच. मात्र ज्यांची भाषा आहे, त्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन ती घडावीत.

तोवर आपण हात बांधून बसायचे कशाला? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये आपला शब्दकोश १०,००० शब्दांपर्यंत नेला. त्याच्या चित्रफिती मोबाईलवर फुकट पाहता येतात. रात्री जेवण झाल्यावर मुलांना जवळ घ्या आणि रोज एक खूण शिका. पाणी, दुखणे, मदत, थांबा. मग वस्तीतल्या किंवा कामावरच्या कर्णबधिर माणसाला ती करून दाखवा. चुकली तर तोच सुधारून देईल. ओळख तिथूनच सुरू होते.