लिनक्सवरील डायल-अप जोडणी : बिघाड शोधण्याची शिस्त

विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मोडेमद्वारे होणारी डायल-अप जोडणी हाच घरगुती ग्राहकाचा मार्ग होता. अमेरिकेतील एओएलने ही सेवा 30 सप्टेंबर 2025 रोजी बंद केल्यामुळे विषय संपला असे अनेक तंत्रज्ञ मानतात. परंतु दुर्गम पंपघरात बसवलेला जीएसएम मोडेम लिनक्सला बहुधा सिरियल पोर्ट म्हणूनच दिसतो, त्याला डायल-अप मोडेमचेच ‘एटी’ आदेश द्यावे लागतात आणि अनेकदा पुढील जोडणीही पीपीपी, म्हणजे दोन टोकांमध्ये थेट दुवा बांधणाऱ्या नियमावलीनेच होते.

डायल-अप जोडणीतील पहिली अडचण बहुधा यंत्राचीच असे. स्वस्त ‘विनमोडेम’मध्ये संदेशप्रक्रियेचे काम स्वतंत्र चिपऐवजी विंडोजमधील ड्रायव्हरवर सोपवलेले असल्यामुळे, त्या मोडेमसाठी खास लिनक्स ड्रायव्हर मिळाल्याखेरीज तो कार्ड म्हणून दिसला तरी चालत नसे, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी मारला जाई. सिरियल पोर्टाला जोडलेला बाह्य मोडेम हे काम स्वतःच करत असल्याने तेथे ही तक्रार उद्भवत नसे.

मोडेमने ‘कनेक्ट’ असे उत्तर दिले की ‘पीपीपीडी’ ही पार्श्वभूमीवर चालणारी सेवा सूत्रे हाती घेते. ती दुव्याच्या अटी ठरवते, ‘पॅप’ किंवा ‘चॅप’ पद्धतीने ग्राहकाची ओळख पटवते (‘चॅप’मध्ये पासवर्ड तारेवरून मुळीच जात नाही) आणि आयपी पत्ता मिळवते. इथवर सारे सुरळीत होऊनही एकही पान उघडत नाही, अशी स्थिती बरीच आढळते. संगणकाला लॅनचे कार्डही असेल आणि त्याचा डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा ठरलेला मार्ग, आधीच नोंदलेला असेल, तर नेहमीच्या मांडणीत पीपीपीडी तो बदलत नाही; परिणामी दुवा जिवंत राहतो, पण पॅकेटे लॅनकडेच जात राहतात. याउलट, आयपी पत्त्याला पिंग पोहोचतो पण संकेतस्थळाचे नाव उलगडत नाही, तेव्हा डीएनएसची नोंद तपासावी.

‘केपीपीपी’ आणि ‘डब्ल्यूव्हीडायल’ या आपोआप जोडणी लावून देणाऱ्या साधनांनी ही सारी पायरी-पायरीची रचना झाकली, ही सोय खरीच. पण तिच्यावरच वाढलेला तंत्रज्ञ अडचण येताच सारी प्रणाली पुन्हा बसवायला घेतो, आणि हे व्यवसायाला शोभणारे नाही. पीपीपीडीचा ‘डीबग’ पर्याय सुरू केल्यास वाटाघाट कोणत्या टप्प्यावर तुटली हे लॉगमध्ये स्पष्ट दिसते. म्हणून प्रशिक्षण वर्ग चालवणाऱ्यांनी अशी तयार साधने मागे ठेवून, ‘मिनिकॉम’ या टर्मिनल प्रोग्राममध्ये हाताने ‘एटी’ टाइप करणे आणि मोडेमकडून ‘ओके’ हे उत्तर मिळवणे, हा पहिला धडा ठेवावा.