आधी धर, मग काढ

प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनवर कुणीतरी चुकून ‘व्हीआय’ टाइप करून एंटर मारतं आणि पुढची दहा मिनिटं त्या बेंचभोवती गर्दी असते. अक्षरं उमटत नाहीत, उमटली तर भलतीच, आणि खिडकी काही केल्या बंद होत नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं जातं. लाज वाटून घेऊ नका, हे जगभर होतं. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने २०१७ मध्ये जाहीर केलं होतं, की ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं’ हा एक प्रश्न तोवर दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता.

माझं म्हणणं एवढंच, की हे प्रकरण पॉवरच्या बटणावर संपवू नका. तुम्ही कोडिंग करत असाल तर नाहीच, आणि मराठीत किंवा मालवणीत काही लांबलचक लिहीत असाल तर त्याहून नाही.

व्हिम विचित्र वाटतं, कारण त्यात कीबोर्डला दोन-तीन अवतार आहेत. एका मोडमध्ये की दाबली की अक्षर उमटतं, दुसऱ्यात तीच की हुकूम होते. हुकमाच्या मोडमध्ये ‘आय’ दाबला की लिहायला सुरुवात, ‘एस्केप’ दाबलं की परत हुकूम. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कलेला मूळचा व्हीआय लिहिला तेव्हा हाताशी माऊस नव्हता. त्यांच्यापुढे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं, ज्याच्या एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. कर्सर हलवायला आजही तीच चार अक्षरं का, याचं उत्तर हे. लाइन इतकी संथ, की प्रत्येक की मोजून दाबावी. पावसात एक काडी रेंज धरून बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणजे व्हिम, ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांसाठी खुली केलेली. फुकट घ्या, आवडलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा, असं ते सांगायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

आता मुद्द्याचं. व्हिमचे हुकूम पाठ करायला जाल तर फसाल. नेटवर त्याचे रंगीत तक्ते मिळतात, ते भिंतीवर लावून कुणी शिकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ते हुकूम म्हणजे छोटी वाक्यं आहेत. ‘डी’ म्हणजे काढ, ‘सी’ म्हणजे बदल, ‘वाय’ म्हणजे उचलून ठेव. ही झाली क्रियापदं. ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द, ‘पी’ म्हणजे परिच्छेद. मधे ‘आय’ घातला तर ‘आतला’. म्हणजे ‘सी-आय-डब्ल्यू’ झालं ‘बदल, आतला, शब्द’. कर्सर शब्दाच्या मधोमध असला तरी अख्खा शब्द जातो आणि तुम्ही लगेच नवा लिहू लागता. ‘डी-आय-पी’ केलंत तर परिच्छेद साफ.

पण बघा, इथे आपली मराठी अडखळते. ‘काढ शब्द’ असं कोण बोलतं? हा इंग्रजीचा क्रम झाला. आपण म्हणतो ‘हा शब्द काढ’. मालवणात तर हात करून सांगतील, “हंयसून थंयसर सगळा पुसून टाक.” आधी काय ते दाखवायचं, मग त्याचं काय करायचं ते सांगायचं. आणि नेमकं असं चालणारं दार व्हिममध्ये आहे, फक्त शिकवणारे ते शेवटी उघडतात. त्याचं नाव व्हिज्युअल मोड.

‘व्ही’ दाबा. कर्सर होता तिथे एक टोक रोवलं गेलं. आता कर्सर हलवाल तसा मजकूर रंगत जाईल. हवं तेवढं धरून झालं की मग ‘डी’, ‘सी’ किंवा ‘वाय’. ज्यांनी रापण ओढताना पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतं, होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून दुसरं टोक किनाऱ्याला आणते, आणि मगच ओढायला सुरुवात. घेरण्याआधी कुणी ओढत नाही. टोक रोवायला चुकलंत तर ‘ओ’ दाबा, कर्सर उडी मारून दुसऱ्या टोकावर जातो, मग तिकडून सारून घ्या. खऱ्या रापणीत ही सोय नाही.

म्हणून मी म्हणतो, मराठी मुलांनी व्हिम ‘व्ही’पासून शिकावं. ‘काढ शब्द’ची सवय नंतर आपसूक लागते. हे माझंच खूळ समजू नका. काकून आणि हेलिक्स हे नवे एडिटर मुद्दाम याच क्रमाने बांधले आहेत, आधी निवड आणि मग क्रिया, म्हणजे काय होणार आहे ते आधी डोळ्यांना दिसतं.

एक घरगुती उदाहरण. तारकर्लीत कुणाचा होमस्टे असेल तर दर सीझनला रेटकार्ड बदलावं लागतं. सुरमई थाळी, बांगडा थाळी, तिसऱ्या, कोंबडी-वडे, अशा तीस ओळी, आणि प्रत्येक आकड्याआधी ‘रु.’ घालायचं राहिलंय. माऊसने एकेक ओळ गाठत बसाल तर चहा निवेल. आकडे एका रांगेत असतील तर पहिल्या आकड्यावर जाऊन ‘कंट्रोल-व्ही’ दाबा, ‘जे’ने खाली उतरा, उभा पट्टा धरला जाईल. मग मोठा ‘आय’, ‘रु.’ लिहा, ‘एस्केप’. तीसही ओळींत उमटेल. (विंडोजवर ‘कंट्रोल-व्ही’ने पेस्ट होत असेल तर ‘कंट्रोल-क्यू’ वापरा.) नाहीतर ‘पापलेट’ हा शब्द दहा ठिकाणी चुकलाय. एकावर जाऊन चांदणीची खूण दाबा, ‘सी-आय-डब्ल्यू’ करून नीट लिहा, ‘एस्केप’. पुढे ‘एन’ म्हणजे पुढचा, आणि टिंब म्हणजे मघाचंच परत कर. ‘एन’, टिंब, ‘एन’, टिंब. वर्डमधला ‘फाइंड अँड रिप्लेस’ हे करतो, मान्य, इथेही प्रत्येक जागा बघून ठरवता येतं.

आता खरी अडचण, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. मालवण, कुडाळ, कणकवली, कुठेही टायपिंगचा क्लास सापडतो. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, म्हणून सगळा भर वेगावर. लिहिलेलं झटपट दुरुस्त कसं करायचं, याकडे कुणाचं लक्ष नाही. बरं, इनस्क्रिप्टवर हात बसलेली मुलगी हौसेने व्हिम उघडते, मराठीत दोन ओळी लिहिते, ‘एस्केप’ दाबते आणि शब्द काढायला ‘डी-डब्ल्यू’ मारते. कीबोर्ड तर अजून मराठीतच आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘डी’वर हलन्त आणि ‘डब्ल्यू’वर ऐकाराच्या दोन मात्रा. म्हणजे तिने सांगितलं ‘शब्द काढ’ आणि एडिटरच्या पदरात पडला एक पाय मोडका आणि दोन मात्रा. तो ढिम्म. मग भाषा बदला, हुकूम द्या, परत भाषा बदला. चार वेळा झालं की माणूस कंटाळतो आणि रोमनमध्ये लिहायला लागतो.

हे रोमन प्रकरण मला साधं वाटत नाही. आजीच्या तोंडची म्हण, गावातल्या जत्रेची हकीकत, दशावताराच्या रात्रीचं वर्णन आपण व्हॉट्सअॅपवर रोमन अक्षरांत टाकतो. तिथे ळ आणि ल एक होतात, ण आणि न एक होतात. घरापुढचा ‘खळा’ पन्नास वर्षांनी कुणी ‘खला’ वाचला तर दोष त्याचा नाही. मालवणी बहुतेक करून तोंडातच राहिलेली भाषा. ती लिहून ठेवायची तर देवनागरीत लिहिणं आणि दुरुस्त करणं हाताला सोपं झालं पाहिजे.

आणि ते करता येतं. व्हिममध्ये ‘कीमॅप’ नावाची सोय आहे. संगणक कायम इंग्रजीतच ठेवायचा, आणि कुठल्या कीला कुठलं देवनागरी अक्षर याची एक साधी फाइल लिहून व्हिमला द्यायची. मग मराठी फक्त लिहिण्याच्या मोडमध्ये उमटते, ‘एस्केप’नंतर ‘डी’ म्हणजे ‘डी’च राहतो. लिहिताना मधेच इंग्रजी हवं असेल तर ‘कंट्रोल’ आणि ‘सहा’चं बटण, परत तेच दाबलं की मराठी. फाइल लिहायला एक दुपार पुरते. कम्प्युटरच्या मुलांनो, मिनी प्रोजेक्टसाठी दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमच का करता? आपल्या कॉलेजसाठी ही फाइल करा, मराठी विभागातल्या मुलांना वापरायला द्या आणि त्यांच्या शिव्या खात सुधारा.

खोटं कशाला बोलू, सगळं गोड नाही. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटकी दिसतात. फाइल बरोबर असते, पण बघायला त्रास होतो. युनिकोडमध्ये ‘स्त्री’ म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे सहा तुकडे, त्यामुळे ‘एक अक्षर खोड’ म्हटलं की काय जाईल हे एडिटरगणिक बदलतं. दिसणं नीट हवं असेल तर व्हीएस कोडमध्ये व्हिमचं एक्स्टेन्शन टाका. त्यात मोडबरोबर कीबोर्डची भाषा बदलण्याचं सेटिंगही आहे, थोडी खटपट करावी लागते. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून, ओटीजीने साधा कीबोर्ड जोडून व्हिम चालतं. दोन पानांच्या असाइनमेंटसाठी मात्र या फंदात पडू नका, वर्ड बरं.

वीज जाण्याची भीती असेल तर एक सांगतो. व्हिम बाजूला एक स्वॅप फाइल ठेवतं, साधारण दोनशे अक्षरांनी किंवा चार सेकंद हात थांबला की तिच्यात भर घालतं. लाइट गेली, मशीन बंद पडलं, तरी फाइल पुन्हा उघडताना ‘रिकव्हर’ विचारतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावर अंधारात बसलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि हो, बाहेर पडायचं राहिलंच. ‘एस्केप’, मग कोलन, ‘डब्ल्यू’, ‘क्यू’, एंटर. लिहिलेलं ठेवायचं नसेल तर कोलन, ‘क्यू’ आणि उद्गारचिन्ह. कीबोर्ड इंग्रजीत आहे ना, तेवढं आधी बघा.