घरसंसार : लॅमिनेट फरशी घेताना

घर बांधून झाले की शेवटचा मोठा खर्च फरशीचा असतो, आणि तो पुन्हा पुन्हा होत नाही. शहरातील नातेवाइकांची लाकडासारखी दिसणारी फरशी पाहून अनेकींना तशीच आपल्याकडे हवीशी वाटते. जुन्नर-आंबेगावात ती टिकेल का, हा प्रश्न मात्र रंग निवडण्याआधी विचारायला हवा.

लॅमिनेट म्हणजे अखंड लाकूड नव्हे. लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली टणक पाटी, तिच्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि सर्वांत वर पारदर्शक कडक थर, अशी तिची रचना असते. वरचा थर ओरखडे सोसतो. पण सांध्यातून पाणी आत गेले की पाटी फुगते, कडा वर येतात आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

म्हणून पहिला विचार पाण्याचा. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला, नाणेघाटाकडे आणि भीमाशंकरच्या डोंगरात, पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. नारायणगाव, मंचर, आळेफाटा या पूर्वेकडील गावांत पाऊस कमी असतो. पण तळमजल्याची जमीन थेट मातीवर असेल, तर ओल तिथेही वर चढते. खात्री करायची असेल तर प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा कोब्यावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडलेला दिसला, तर तिथे लॅमिनेट नको. ही तपासणी उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात करावी. नव्या घराचा कोबा पूर्ण वाळल्याशिवाय तर घाई करूच नये.

दुकानात डब्यावर ‘एसी’ आणि पुढे आकडा असतो. त्याचा वातानुकूलनाशी संबंध नाही. घासणे, ओरखडे, डाग हे फरशी किती सोसेल याची ती प्रतवारी आहे. निजायच्या खोलीला ‘एसी ३’ पुरते, पाहुण्यांची वर्दळ असलेल्या बैठकीला ‘एसी ४’ घ्यावे. जाडी ८ किंवा १२ मिलिमीटर मिळते. जाड फळी पायाखाली भरीव वाटते, पण जाडी वाढली म्हणून वरचा थर मजबूत झाला असे समजू नये. रांगते मूल घरात असेल तर ‘ई १’ ही खूणही पाहा. पाटीतील राळेतून बाहेर पडणारा वायू मर्यादेत असल्याची ती खूण आहे.

दुकानदाराकडून नमुन्याचा तुकडा मागून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कड किती फुगली ते बोटाला कळते. दोन-तीन नमुने शेजारी ठेवले की महाग आणि स्वस्त यांतला फरकही समजतो.

हिशेबही आधीच करा. १० बाय १२ फुटांची खोली १२० चौरस फूट होते. कापण्यात जाणारे सुमारे १० टक्के धरून १३२ चौरस फूट माल लागतो. बसवण्यापूर्वी डबे दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवावेत. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट सोडायला कारागिराला सांगा. हवेतील ओलाव्याने फळ्या पसरतात; फट नसली तर मधोमध उचलल्या जातात. फट पट्टीखाली झाकली जाते. वाळवीचा बंदोबस्त फरशी बसवण्याआधीच करावा.

मोरी, स्वयंपाकघर आणि वजूची जागा येथे साधी टाइल किंवा शहाबादीच बरी. नमाजाची खोली लॅमिनेटची असेल तर दाराशी जाड पायपुसणे हवे, कारण दिवसातून पाच वेळा ओली पावले तिथूनच येतात. आणि बादलीभर पाणी ओतून फरशी धुण्याची सवय सोडावी लागेल. घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसायचे. ती सवय घरातील सर्वांना जमणार नसेल, तर टाइल घेण्यात कमीपणा नाही. वरच्या मजल्यावरील एका कोरड्या खोलीत लॅमिनेट आणि बाकी घरात टाइल, हा आपल्या भागात खिशाला परवडणारा आणि टिकणारा मेळ आहे.