इंटरनेटवरील फोन आणि मधला हमाल

इंटरनेटवरून फोन करताना कधी कधी एक चमत्कारिक प्रकार घडतो. घंटी वाजते, पलीकडचा माणूस फोन उचलतो, सेकंदांचा आकडाही पुढे सरकू लागतो. पण आवाज मात्र येत नाही. किंवा एकाला ऐकू येते आणि दुसऱ्याला नाही. आपण ‘रेंज नाही’ असे म्हणून मोकळे होतो. पण घंटी वाजली, याचा अर्थ निरोप पोचला होता. मग निरोप पोचतो आणि आवाज का पोचत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका अशा मध्यस्थाची गाठ पडते, की ज्याच्याविषयी प्रत्येक विद्यार्थ्याला माहिती असावी असे माझे मत आहे.

प्रथम पत्त्यांचा विचार करू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा आहे. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, अर्थात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या वेळी जगाची लोकसंख्या सुमारे ४५० कोटी होती. म्हणजे माणशी एक पत्ताही पुरणार नव्हता! तेव्हा संगणक थोडे होते, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून झाले.

ही टंचाई ओळखून १९९४ साली एक तोडगा मांडण्यात आला. एखाद्या वाड्याची कल्पना करा. वाड्यात वीस खोल्या, पण टपालखात्याला ठाऊक असलेला पत्ता एकच. दारावर एक रखवालदार बसलेला. आतून कोणी पत्र पाठवले की तो वहीत नोंद करतो : ‘तीन नंबरच्या खोलीतून पुण्याला पत्र गेले.’ पुण्याहून उत्तर आले की वही पाहून ते तीन नंबरला देतो. पण ज्याची वहीत नोंद नाही असे पत्र आले, तर ते कोणाला द्यायचे हे त्याला कळत नाही; तो ते टाकून देतो. तुमच्या घरातील किंवा शाळेतील वायफायचा राउटर हे रखवालदाराचे काम करतो. मोबाईल कंपन्याही अनेकदा हजारो ग्राहकांना असेच एका दारामागे ठेवतात.

संकेतस्थळ पाहताना ही व्यवस्था छान चालते, कारण सुरुवात आतून होते. फोनची गोष्ट वेगळी. फोन म्हणजे बाहेरून, अवचित येणारी हाक! समजा, घाटंजीतील एक विद्यार्थिनी पुण्यास वसतिगृहात राहणाऱ्या भावाला फोन करते. दोघेही आपापल्या वाड्यात, दोन्ही दारांवर रखवालदार. शिवाय तिचा फोन निरोपात आपला पत्ता लिहितो तो खोलीचा. ‘तीन नंबरच्या खोलीत आवाज पाठवा,’ या निरोपाचा पुण्यातील यंत्राला काय उपयोग? आवाज न येण्याचे एक नेहमीचे कारण हेच.

यावर उपाय म्हणजे दोन्ही जाळ्यांच्या सीमेवर, सर्वांना ठाऊक असलेल्या पत्त्यावर एक यंत्र बसवायचे. याला प्रॉक्सी म्हणतात. प्रत्येक फोन त्याच्याकडे स्वतःहून जाऊन नोंद करतो, ‘मी येथे आहे,’ आणि थोड्या थोड्या वेळाने ती ताजी करतो, म्हणजे रखवालदार वहीतील ओळ खोडत नाही. हाक या प्रॉक्सीमार्फत जाते. ‘सिप’ नावाच्या नियमावलीत, जी १९९९ साली प्रथम प्रमाण झाली, यासाठी ठरावीक आकडे आहेत : १८० म्हणजे घंटी वाजते आहे, २०० म्हणजे फोन उचलला, ४८६ म्हणजे माणूस दुसऱ्या फोनवर आहे.

आता उरला आवाज. त्यासाठी आधी सरळ वाट शोधली जाते. प्रत्येक फोन बाहेरच्या एका यंत्राला विचारतो, ‘तुला माझा पत्ता कसा दिसतो?’ जणू आरशात पाहणेच! मग दोन्ही बाजू एकाच सुमारास एकमेकांना पत्र पाठवतात. दोन्ही वह्यांत नोंद होते आणि दारे उघडतात. रखवालदार फार कडक असले, तर मात्र आवाजही मधल्या यंत्रातूनच न्यावा लागतो. साध्या पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि १६० बाइटांचे एक, अशी ५० पाकिटे दर सेकंदाला निघतात. मधले यंत्र एका बाजूचे पाकीट उतरवते आणि दुसऱ्या बाजूला चढवते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला ही चढ-उतार नवी नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला ‘शकुंतला’ ही अरुंदमापी गाडी धावत असे. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट, तर मुंबई-नागपूर मार्गाचे साडेपाच फूट. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जाणे शक्यच नव्हते. म्हणून कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत भराव्या लागत. तेथील हमालावाचून वऱ्हाडचा कापूस मुंबईस पोचला नसता. पण तो हमाल गाठ उचलत असे, सोडत नसे. माझे म्हणणे नेमके येथेच आहे.

इंटरनेटवरील मध्यस्थ हवाच. पण तो हमाल असावा, मालक होऊ नये. त्यासाठी तीन अटी असाव्यात असे मला वाटते.

पहिली, गाठ बंद असावी. आवाज बोलणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद व्हावा आणि ऐकणाऱ्याच्या फोनवरच उघडावा. असे असले तरी कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला, हे मधल्याला कळू शकतेच. पावतीबुके हमालाच्या हाती असते! म्हणून ते किती दिवस ठेवले जाते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क हवा.

दुसरी, मध्यस्थ शक्यतो जवळचा असावा. घाटंजीच्या दोन शेजारच्या गल्ल्यांतील मुले बोलत आहेत आणि मधले यंत्र ४,००० किलोमीटरवर आहे असे समजा. आवाज जाऊन-येऊन ८,००० किलोमीटर फिरेल. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केवळ प्रवासात ०.०४ सेकंद गेले. चांगल्या संभाषणात एका दिशेची दिरंगाई ०.१५ सेकंदाच्या आत असावी असा संकेत आहे. त्यातील चौथ्या भागाहून अधिक वेळ विनाकारण खर्ची पडला!

तिसरी, नियमावली खुली असावी. आज एका कंपनीच्या ॲपवरून दुसऱ्या कंपनीच्या ॲपला सहसा फोन लागत नाही. हे तांत्रिक अडचणीमुळे नव्हे. दोघांनाही चालेल अशी सिप नियमावली कित्येक वर्षे उपलब्ध आहे.

कोणी म्हणेल, मध्यस्थच काढून टाकू. नव्या पद्धतीचा पत्ता १२८ बिटांचा आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. ती पद्धत शाळा-महाविद्यालयांनी जरूर सुरू करावी. परंतु पत्ता मिळाला तरी सुरक्षिततेसाठी दार लोटलेलेच ठेवावे लागते, आणि जुने व नवे पत्ते एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. तेथे पुन्हा मूर्तिजापूर आलेच. शिवाय थेट फोनमध्ये तुमचा पत्ता पलीकडच्याला दिसतो. अनोळखी माणसाशी बोलताना मधला हमाल हे एक संरक्षणही आहे. तेव्हा प्रश्न मध्यस्थ असावा की नसावा हा नाही; त्याने किती पाहावे, हा आहे.

हे नुसते वाचून पटणार नाही. शिक्षक बंधुभगिनींना माझी सूचना आहे की, शाळेतील एखादा जुना संगणक यासाठी मोकळा करावा. त्याला जाळ्याची दोन कार्डे बसवून दोन वेगवेगळ्या राउटरना जोडावे आणि ‘ॲस्टरिस्क’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यावर घालावे. मुलांनी दोन मोबाईलवर ‘लिनफोन’सारखे ॲप घेऊन एक या राउटरला, दुसरा त्या राउटरला जोडावा. आधी परस्पर फोन लावून पाहावा, लागणार नाही. मग मधल्या संगणकावर दोघांची नोंद करून लावावा. घंटी वाजेल! संगणकाच्या पडद्यावर १८० आणि २०० हे आकडेही पाहता येतील. नंतर कुलूप न लावता बोलावे आणि मधल्या संगणकावर तो आवाज पकडून ऐकावा. मध्यस्थाला काय काय कळू शकते, याचा याहून चांगला धडा नाही.

दोन पथ्ये मात्र पाळा. सांकेतिक शब्द कठीण ठेवा, आणि हा संगणक इंटरनेटला किंवा सार्वजनिक टेलिफोनला जोडू नका. परवान्यावाचून इंटरनेटवरचे फोन सार्वजनिक जाळ्यात सोडणे हा आपल्याकडे गुन्हा आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि इंटरनेटवरील फोनला मर्यादित परवानगी मिळाली ती एप्रिल २००२ मध्ये. आज खेड्यापाड्यातील घरे परगावच्या मुलाबाळांशी या वाटेने बोलतात. आईचा आवाज ज्या हातांतून जातो, ते हात कोणाचे, हे मुलांना माहीत नसावे काय? फोन फुकट आहे असे आपण म्हणतो. पण मधल्या यंत्राची वीज आणि तारेचे भाडे कोणीतरी भरतोच. तो कोण आणि कशासाठी भरतो, हा प्रश्न वर्गात उभा राहून विचारा.