केमोनंतरचा ताप



कर्करोगावर केमो घेऊन माणूस घरी आला की आपल्याला वाटते, संकट टळले. पण जपायचा काळ पुढेच असतो. औषधाने रोगाबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात. साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत कमी होतात. राखण नसलेल्या उभ्या पिकासारखी अंगाची गत! जखमेत पूसुद्धा बहुधा धरत नाही. ताप हीच काय ती खूण.

घरात थर्मामीटर ठेवाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर गेला, तर रात्री बारा वाजताही निघा. गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका; ताप उतरतो, जंतू आत वाढतच राहतात. दवाखान्यात पोचताच, केस काढण्याआधी, “केमो चालू आहे” हे सांगा आणि कागद दाखवा. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता माझ्या खात्यातले. उकिरडा उपसणे, शेणाने सारवणे, बुरशी लागलेला कडबा झाडणे यांपासून रुग्णाला लांब ठेवा. ती बुरशी श्वासावाटे फुप्फुसात उतरते. आपल्या घरांत नेमके हेच राहून जाते.

हिरड्यांतून रक्त आले, अंगावर बारीक लाल ठिपके उठले, तरी ताप नसतानाही तितक्याच घाईने निघा.