कॅमेरा आपल्यासाठी, एसएमएस त्यांच्यासाठी

पनवेलकरांनो, पोस्ट मोठी आहे, पण विषय तुमच्या-आमच्या छातीतल्या हवेचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

कळंबोलीहून एक्सप्रेसवेवर गाडी घातली की आपल्यावर नजर सुरू होते. जुलै २०२४ पासून तिथे आयटीएमएस नावाची यंत्रणा चालू आहे. डोक्यावरच्या कमानींना कॅमेरे लावलेत. एका कमानीखालून किती वाजता गेलात आणि पुढच्या कमानीखाली किती वाजता पोचलात, यावरून सरासरी वेग काढतात. कारसाठी सपाटीला १००, घाटात ६०. जास्त भरला, लेन तोडली, पट्टा लावला नाही, की चलन थेट मोबाईलवर. 'साहेब, जाऊ द्या ना' म्हणायला समोर माणूसच नाही.

घरी या. जुन्या मीटरचं रीडिंग महिन्यातून एकदा व्हायचं. नवा टीओडी स्मार्ट मीटर कोणत्या तासाला किती वीज वापरली हे सर्व्हरला कळवतो. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते, ती याच हिशेबावर. सवलत चांगली आहे, घ्या. पण दुपारी घरात माणसं असतात की कुलूप असतं, हेही त्याच आकड्यांतून कळतं, एवढं लक्षात ठेवा.

आता तिसरं यंत्र. हे बहुतेकांनी पाहिलेलंच नाही. ते तळोजा एमआयडीसीत आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये आदेश काढला की जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांनी चिमणीवर आणि सांडपाण्याच्या तोंडावर चोवीस तास चालणारे सेन्सर बसवायचे. औषधं, रंग, कीटकनाशकं, पेट्रोकेमिकल हे सगळे त्या यादीत आहेत. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनाही म्हणजे सीईटीपीलाही ते बंधनकारक आहे. चिमणीतली धूळ, सल्फर डायऑक्साइड, पाण्याचा सामू, सीओडी, बीओडी हे सगळं मोजून दर पंधरा मिनिटांची सरासरी मंडळाच्या सर्व्हरवर जाते.

आणि मर्यादा ओलांडली तर? कारखान्याला एसएमएस जातो.

हसू नका, खरंच सांगतोय. आपल्याला चलन, त्यांना एसएमएस. पुढची कारवाई म्हणजे खुलासा मागवणं, पाहणी, मग नोटीस. तोवर धूर खारघरपर्यंत पोचून विरूनही गेलेला असतो.

कोणी म्हणेल, कायदा सगळ्यांना सारखाच. नाही, इथे तो सारखा नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचा पुरावा चालावा म्हणून संसदेने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३६अ हे कलम घातलं. २०२१ मध्ये नियम १६७अ आला: यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे. म्हणजे यंत्राच्या साक्षीने दंड करायचा ठरवलं तेव्हा कायदा बदलता आला.

तिकडे १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ बघा. नमुना कोर्टात चालायचा असेल तर अधिकाऱ्याने स्वतः जायचं, कारखानदाराला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करायचे, सह्या घ्यायच्या, मग प्रयोगशाळा. हे कलम लिहिलं तेव्हा पंधरा मिनिटांना आकडा पाठवणारं यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे सेन्सर रात्रभर ओरडला तरी कोर्टात किंमत सकाळी भरलेल्या बाटलीला. आणि सकाळपर्यंत पाणी बदललेलं असतं. तळोजाच्या आसपासच्या गावांत कुणालाही विचारा, नदीचा रंग कधी बदलतो ते.

आणखी एक गंमत. हा सेन्सर विकत कोण घेतो? कारखाना. देखभालीचे पैसे कोण देतो? कारखाना. परीक्षेला बसणाऱ्यानेच पर्यवेक्षक नेमायचा, चहापाण्याचंही त्यानेच बघायचं. आपल्या घरचा मीटर आपण निवडून, आपल्या माणसाकडून तपासून घेतो म्हटलं तर महावितरण ऐकेल का?

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं की प्रदूषणाचे हे आकडे राज्य मंडळांनी आपल्या पोर्टलवर लोकांना दिसतील असे ठेवावेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली. कासाडी नदीच्या काठची भटकी कुत्री, अंगाला निळा रंग चढलेला. फोटो जगभर छापून आले, मग एका कारखान्यावर बंदीची कारवाई झाली. म्हणजे यंत्रं बसवायचा आदेश निघून तीन वर्षं झाली होती, आणि प्रदूषणाची बातमी आणून दिली कुत्र्यांनी.

जानेवारी २०२१ मध्ये खारघरला कृत्रिम पांढरी फुफ्फुसं उभारली होती, आठवतंय? पंधरा दिवसांच्या आत काळवंडली. धूळ फक्त चिमण्यांचीच होती असं मी म्हणत नाही. खाणी, बांधकामं, ट्रक, सगळ्यांचा वाटा असतो. पण कुणाचा किती, हे सांगणारा चिमणीचा आकडा उपलब्ध असताना नागरिकांना चौकात फुफ्फुसं टांगावी लागतात, याची लाज कुणाला वाटायला हवी?

एक प्रयोग करून बघा. पुढच्या वेळी पहाटे उग्र वासाने जाग आली की मोबाईल घ्या आणि त्या क्षणी तळोज्याच्या कोणत्या चिमणीचा आकडा वर गेलाय ते मराठीत शोधून दाखवा. सापडलं तर कॉमेंटमध्ये टाका, मी आनंदाने पोस्ट वर आणीन.

उद्योजकांचं म्हणणं मी ऐकलंय. सेन्सर चुकतो, कॅलिब्रेशन बिघडतं, खोट्या अलार्मवर कारखाना बंद केला तर कामगारांचं काय? मुद्दा चूक नाही. पण रस्त्यावरचा कॅमेरा काय कधी चुकत नाही? तिथे नोटीस आधी येते, तक्रार नंतर करायची असते. दुचाकीवर डबे पोचवणाऱ्याला जो न्याय, तो कारखान्याला का नको? कॅमेरे काढा असं माझं म्हणणं नाही. घाटातले अपघात मी कव्हर केलेत, वेगाला चाप हवाच. तोच चाप चिमणीलाही लावा, एवढंच.

आणि हे अशक्य नाही. शेजारी सुरतला २०१९ पासून तीनशेच्या वर कारखान्यांच्या चिमणीवरचे सेन्सर थेट पैशाला जोडलेत. धुळीचा कोटा ठरलेला. जास्त सोडली तर परवाने विकत घ्या, नाहीतर भरपाई भरा. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा धूळ २० ते ३० टक्के कमी निघाली, आणि कारखाने चालूच राहिले. आपल्याच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना काढली होती. म्हणजे आकडे लोकांपुढे ठेवले की फरक पडतो, हे मंडळालाही ठाऊक आहे.

म्हणून मागण्या तीनच.

एक, तळोज्यातल्या प्रत्येक सेन्सरचा आकडा मराठीत, मोबाईलवर आणि खारघर, कळंबोली, तळोजा, पनवेलच्या चौकातल्या फलकांवर.

दोन, सेन्सरची तपासणी कारखान्याने नेमलेल्या माणसाकडून नको. पैसे कारखान्याने मंडळाकडे भरावेत, माणूस मंडळाने पाठवावा.

तीन, गाडीसाठी १३६अ आणलं तसं चिमणीसाठीही कलम आणा. हे काम खासदारांचं. मतं मागायला येतील तेव्हा विचारा.

तोवर आपल्या हातात दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहे. प्रश्न लिहून घ्या: गेल्या वर्षभरात तळोजा एमआयडीसीतल्या उद्योगांना आणि सीईटीपीला मर्यादा ओलांडल्याचे किती एसएमएस गेले? तारखा द्या. प्रत्येकावर काय कारवाई झाली? मी या आठवड्यात टाकतोय. एकट्याचा अर्ज फायलीत जातो, पाचशे अर्जांचा गठ्ठा टेबलावर राहतो.

प्रीपेड मीटरवरून लोक बोलायला लागले, तेव्हा जून २०२४ मध्ये सरकारला सांगावं लागलं की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना ते लावणार नाही. बोललं की ऐकावं लागतं. मीटर पैशाचा होता म्हणून आपण बोललो. हा तर श्वास आहे.

पटलं तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, मी आहेच.