हळद जाते, तेल येते

वसमतच्या एका वाचकाने विचारले आहे की, मुक्त व्यापार करार हा आपल्या पत्रिकेचा विषय आहे का? शिक्षण, घरे, वक्फच्या जमिनी, पोलीस ठाण्यातली वागणूक, हे विषय पडून असताना बँकॉक आणि काठमांडूच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. पण हिंगोली जिल्ह्यात पोट चालते ते सोयाबीन आणि हळद या दोन पिकांवर. कळमनुरी, सेनगाव, औंढ्याचा दोन-चार एकरांचा शेतकरी, मार्केट यार्डातले हमाल आणि मापाडी, हळद शिजवायच्या कुकरवर आणि पॉलिशच्या यंत्रावर राबणाऱ्या बाया, ट्रकवाले, या सगळ्यांत आपली माणसेही आहेत. भाव पडला की यार्डातली आवक थांबते, आणि आवक थांबली की हमालाची चूल थंड होते. तो भाव कुठे ठरतो, याची चौकशी आम्हाला आमचे काम वाटते.

आधी फायद्याची बाजू. केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२-२३ मध्ये भारतातून १.५३४ लाख टन हळद आणि हळदीचे पदार्थ बाहेर गेले, त्यांची किंमत २०.७४ कोटी डॉलर होती. जगातील हळदीच्या व्यापारात आपला वाटा ६२ टक्क्यांहून अधिक आहे. मोठी गिऱ्हाइके कोण? बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका आणि मलेशिया. म्हणजे वसमतच्या बिटात ज्या कांडीचा सौदा होतो, तिच्यासारखीच हळद ढाका, दुबई आणि क्वालालंपूरच्या कालवणात पडते. अशा पिकाला शेजारच्या देशांशी खुला व्यापार हवाच. २००४ मध्ये इस्लामाबादला झालेला दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, मनापासून राबवला गेला असता, तर त्याचा लाभ घेणाऱ्या जिल्ह्यांत हिंगोली पुढे असता.

अर्थात कराराने सीमाशुल्क कमी होते, मालाची परीक्षा कमी होत नाही. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून शिशाचा रंग चोळला जात असल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, आणि तिथल्या सरकारने कारवाई करून तो प्रकार बराच आटोक्यात आणला. ज्या गिऱ्हाइकाने आपले घर साफ केले, तो आपल्याकडून आलेले पोतेही तपासणारच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, संशोधन केंद्र मंजूर झाले, हे चांगलेच झाले. राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय मात्र निजामाबादला गेले. शेतकऱ्याला दोन दिवसांत अहवाल देणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी मिळते का, हे आम्हाला मंडळाच्या पत्त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

आता तेलाकडे वळू. १३ ऑगस्ट २००९ रोजी भारताने आग्नेय आशियातील दहा देशांच्या संघटनेशी, आसियानशी, वस्तुव्यापाराचा करार केला. पुढच्या जानेवारीपासून तो लागू झाला. त्यात कच्च्या पामतेलावरील शुल्क २०१९ अखेरपर्यंत ३७.५ टक्क्यांवर आणि रिफाइंड पामतेलावरील ४५ टक्क्यांवर आणण्याचे आपण मान्य केले. प्रत्यक्षात महागाईला घाबरून सरकारांनी शुल्क त्याहूनही खाली नेले. आज आपण जगातले सर्वांत मोठे खाद्यतेल आयातदार आहोत. वर्षाला सुमारे १६० लाख टन तेल बाहेरून येते, आणि त्यात इंडोनेशिया व मलेशियाचे पामतेल सर्वांत जास्त.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के आणि रिफाइंडवरचे १२.५ वरून ३२.५ टक्के केले. शेतकऱ्याला वाटले, आता सोयाबीन उठेल. पण साफ्टाखाली नेपाळहून येणाऱ्या तेलावर शुल्क नाही. थोड्याच दिवसांत रिफाइंड सोयातेलाचे टँकर त्या सीमेवरून येऊ लागले. नेपाळमध्ये एवढे सोयाबीन पिकतच नाही. परदेशातून कच्चे तेल आणायचे, तिथे शुद्ध करायचे आणि नेपाळी म्हणून भारतात विकायचे, असा हा मार्ग आहे. भारतीय तेल उद्योगाच्या संघटनेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या. यात नेपाळच्या शेतकऱ्याच्याही पदरी काही पडत नाही, कमावतात ते मोजके रिफायनरीवाले.

मदिनेच्या बाजाराची एक हकिकत आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात किंवा घरी ऐकलेली असेल. पैगंबरसाहेबांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर वरचे दाणे कोरडे आणि आतले ओले निघाले. विक्रेत्याला त्यांनी विचारले की, ओले धान्य वर का नाही ठेवले, म्हणजे लोकांना दिसले असते. ही हकिकत आमच्या सोयाबीन शेतकऱ्याला जरा जास्तच कळते. हमीभावाच्या केंद्रावर त्याच्या पोत्यात ओलावा मोजायचे यंत्र खुपसले जाते आणि १२ टक्क्यांच्या वर काटा गेला की माल परत. सीमेवरच्या टँकरमध्ये मूळ देश कोणता, हे बघण्यासाठी मात्र तितक्या तत्परतेने कोणी हात घालत नाही.

तरीही सगळे खापर करारांवर फोडणे आम्हाला पटत नाही. एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघते साधारण १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. भावाचा मोठा हिस्सा पेंडीवर उभा असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन १० हजारांच्या आसपास गेले, तेव्हा कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. हंगाम येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. तो निर्णय कुठल्याही कराराने लादलेला नव्हता, दिल्लीतच झाला होता. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारत आरसेप या मोठ्या प्रादेशिक करारातून बाहेर पडला. दूध उत्पादकांची भीती खरी होती, आम्हीही त्या निर्णयाचे स्वागत करतो. पण त्याने सोयाबीनला काही आधार मिळाला नाही. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये असताना मराठवाड्यातल्या बाजारांत ४,००० ते ४,२०० वर माल गेला. त्याच दिवाळीत किराणा दुकानात तेल महागले होते. शेतकरी घराने स्वस्तात विकले आणि महागात तळले. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. त्याने भजी-वड्याच्या गाडीवाल्याला, मेस चालवणाऱ्या बाईला थोडा श्वास मिळाला, हे आम्ही नाकारत नाही. हातावर पोट असलेल्यांच्या वस्तीत पामतेलाची पिशवीच परवडते. पण ती स्वस्ताई दरवेळी सोयाबीनवाल्याच्याच खिशातून का काढायची?

एक गोष्ट टाळून हा विषय संपवता येणार नाही. शेजारी देशांशी व्यापाराचा प्रश्न आला की काही मंडळींना आधी त्या देशाचा धर्म दिसतो. मलेशियाच्या पंतप्रधानांनी काश्मीर आणि नागरिकत्व कायद्यावर टीका केली, तेव्हा २०२० च्या सुरुवातीला पामतेलाची खरेदी हा शिक्षेचा मार्ग बनला. बांगलादेशाशी संबंध बिघडले की बहिष्काराचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. हे संदेश पुढे ढकलणाऱ्या आमच्या शेतकरी भावांनी एकदा यार्डात विचारून पाहावे, हळद कुठे जाते. बांगलादेश आणि नेपाळ आपली सोयापेंडही घेतात. दक्षिण आशियातील देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे, आसियानमध्ये तो २५ टक्क्यांच्या घरात. या तफावतीचा भुर्दंड हिंगोलीसारखे जिल्हे भरतात, मग शेतकऱ्याचे नाव काहीही असो.

आसियान कराराचा फेरआढावा २०२५ पर्यंत पूर्ण करायचे ठरले होते. या वाटाघाटींत हिंगोलीला कोणी विचारलेले नाही. म्हणून आमचे म्हणणे असे: बाजार समित्या आणि ग्रामसभांनी ठराव करावेत की नवा करार किंवा बदल होण्यापूर्वी सोयाबीन आणि हळदीवरचा परिणाम जिल्ह्यात मराठीतून मांडला जावा, आणि खासदारांनी तो संसदेत विचारावा. सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाखाली असेल त्या महिन्यांत तेलाचे शुल्क कमी होऊ नये, आणि गरिबाला तेल स्वस्त हवे असेल तर ते रेशनवर द्यावे. नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाच्या मूळ देशाचा पुरावा प्रत्येक खेपेला तपासला जावा. आणि ढाक्याला जाणारी हळद कुणाच्या रागापायी अडू नये. अशा ठरावाचा मसुदा आम्ही मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत तयार करत आहोत. आपल्या गावच्या ग्रामसभेत तो मांडायला जे तयार असतील, त्यांनी कळवावे. हळदीचा नवा माल यार्डात येण्याआधी हे काम झाले तर बरे.